मामांचं दुखणं

आधी माफी मागून ठेवतो. लिहिणं हे माझं काम नाही आणि ते मला येतं असा माझा समजही नाही. शाळा उर्दूतून झाली, डॉक्टरकी इंग्रजीतून, आणि मराठी घरात बोलण्यापुरती राहिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळं चुकलं तर कान धरणारंही कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत मराठीत माझ्या हातून जे काही लिहून झालं ते बाटल्यांवर चिकटवलेल्या कागदांवर: ‘जेवणानंतर’, ‘हलवून घ्या’. असल्या माणसानं आठवणी लिहायला बसावं हे मलाच बरोबर वाटत नाही. पण मामींची इच्छा आहे की मामांच्या दुखण्याची हकीगत कुणीतरी नीट लिहावी, कारण नातेवाइकांत ती चार तऱ्हांनी सांगितली जाते आणि एका तऱ्हेत तर मामांचं ऑपरेशनसुद्धा झालेलं आहे. ते झालं नव्हतं. मामा पुढं भरपूर जगले आणि शेवटपर्यंत त्यांचं पोट उत्तम होतं.

गोष्ट राज्यं नव्यानं आखली जात होती तेव्हाची. हैदराबाद राज्याचे तीन भाग व्हायचे ठरले होते. तेलुगू जिल्हे आंध्राकडे, कानडी जिल्हे म्हैसूरकडे आणि आमचे मराठी जिल्हे मुंबईकडे. हैदराबाद शहरात आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत तिघं राहत होतो, एक वरंगळकडचा, एक गुलबर्ग्याकडचा आणि मी. तिघांचीही शेवटची परीक्षा झाली होती, निकाल लागला होता आणि दुसरं काम नव्हतं. म्हणून वरंगळच्यानं एक दिवस खडूनं खोलीची वाटणी केली. पुढाऱ्यांना जमायला इतका वेळ लागला, आम्ही दुपारच्या जेवणाच्या आत उरकलं. अडचण नंतर लक्षात आली. स्टोव्ह आंध्रात गेला, दुधाचं पातेलं म्हैसुरात आणि साखरेचा डबा माझ्या खाटेखाली, म्हणजे मुंबई राज्यात. त्यानंतर चहा करायचा म्हटलं की आधी वाटाघाटी व्हायच्या. गुलबर्ग्याचा फार कडक होता. दूध देण्याआधी तो माझ्याकडून ‘म्हैसूर सरकारचे आभार’ असं म्हणवून घ्यायचा. मी म्हणायचो. चहा मला लागतोच.

हसत होतो, पण माझं पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं. परीक्षा पास झाली म्हणजे माणूस डॉक्टर झाला असं नव्हतं. एखाद्या सरकारी दवाखान्यात वर्षभर हाउस सर्जन म्हणून राबायचं, मग नाव नोंदवून मिळायचं. हल्ली त्याला इंटर्नशिप म्हणतात. ते वर्ष पदरात पडलं नाही तर माझी डिग्री ही भिंतीला टांगायची वस्तू, आणि आमच्या गावच्या घराच्या मातीच्या भिंतीत खिळासुद्धा टिकत नसे.

मी अर्ज केले. जागा वाटून देणाऱ्या कचेरीतल्या बाबूनं माझा अर्ज घेतला, त्यावरचं जिल्ह्याचं नाव वाचलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू माझ्या घरी कुणी वारलंय.

“आपका ज़िला तो गया, मियाँ,” तो हळूच म्हणाला.

मी विचारलं, मग मी काय करू. तो म्हणाला, जिल्ह्याच्या मागं जा. म्हणून मी नव्या राज्याच्या बाजूला अर्ज पाठवला. तिकडून बरंच सौजन्यानं उत्तर आलं की, तुमचं शिक्षण हैदराबादेत झालंय, तर हे वर्षही तिथंच पुरं करावं, त्यानंतर आपल्या माणसाचं स्वागतच आहे. म्हणजे जिथं शिकलो तिथला मी राहिलो नव्हतो, आणि जिथला होतो तिथं शिकलो नव्हतो. वरंगळच्यानं यावर उपाय सुचवला, खडूच्या रेघेवर झोप. मी हसलो नाही. त्या रात्री त्यानं स्टोव्ह आपण होऊन माझ्या हद्दीत आणून ठेवला.

आशेची एकच जागा उरली होती. शहरातल्या एका दवाखान्याचे सुपरिंटेंडेंट हाउस सर्जन स्वतः निवडत. मुलाखत घेत, आवडला तर ठेवत, आणि माणूस कुठल्या जिल्ह्याचा हे म्हणे विचारतही नसत. मात्र त्यांनी बाहेर एक नोटीस लावली होती. जो उमेदवार सिफारस आणील त्याचं नाव काटलं जाईल. मला ती नोटीस वाचून फार बरं वाटलं. सिफारस करणारं माझ्या ओळखीत कुणी नव्हतंच. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याजवळ एखादी गोष्ट नसणं हे माझ्या फायद्याचं ठरत होतं.

इथं मामा येतात.

मामा सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानात गादीवर बसत. दुकान दुसऱ्याचं, पण गिऱ्हाईक मामांचं. रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला जात असे. दुकानात त्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक आलं की बसवायचं, पाणी द्यायचं, गाव विचारायचं, लेकरं कशी आहेत विचारायचं, पण काय पाहिजे हे कधीच विचारायचं नाही. मामा म्हणत की, काय पाहिजे असं विचारलं की माणूस ‘काही नाही, बघतो’ म्हणतो आणि उठून जातो. न विचारता बसवून ठेवलं की तो आपणच बोलतो. आणि आमच्या गावाकडं तर ही रीत आणखी पुढची. कुणाकडं काम घेऊन गेलं तर कामाचं बोलायचं नाही. पाऊसपाणी, गुरंढोरं, जावईबापू, सगळं बोलून घ्यायचं, उठायचं, जोडा पायात घालायचा, आणि उंबऱ्यावर चौकटीला हात लावून म्हणायचं, “हं, एक राहिलंच.” जे राहिलं असेल ते काम. बैल मागितले जात ते असेच, आणि पोरींची लग्नंही अशीच ठरत. आत बसून कामाचं बोलणारा माणूस उतावळा किंवा सरकारी समजला जाई.

त्या रविवारी जेवताना मी मामांना सगळं सांगितलं, जिल्हा गेल्याचं, सुपरिंटेंडेंटसाहेबांचं, आणि नोटिशीचंसुद्धा. मामांनी विचारलं, साहेब राहतात कुठं. मी म्हटलं, हिमायतनगरात. मामा म्हणाले, “जाऊन येतो एकदा.”

मी म्हटलं, मामा, नका जाऊ. सिफारस चालत नाही, नाव काटतात.

“सिफारस कोण करतंय? नुसतं बसून येतो. माणसानं माणसाकडं जाऊ नये का?”

मी पुन्हा नको म्हटलं. मामींनी माझ्या पानात भाकरी वाढली आणि विषय त्या भाकरीखाली गेला. मामा जाणार नाहीत असं मी धरून चाललो. का धरून चाललो ते आता सांगता येत नाही. मामांनी माझं कधीच काही ऐकलेलं नव्हतं.

पुढचे दोन-तीन रविवार मी गेलो नाही, मुलाखतीचा अभ्यास करत होतो. नंतर गेलो तेव्हा मामींनी दारातच मला धरलं. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “तू एवढा डॉक्टर झालास, आणि इथं तुझ्या मामांकडं बघायला कुणी नाही.”

आत मामा ताटावर बसले होते. ताटात मऊ भात आणि ताक. ज्या माणसाला ठेच्याशिवाय घास उतरत नसे, तो माणूस ताकभात खात होता आणि माझी नजर चुकवत होता. गालफडं बसली होती. कोनाड्यात औषधाची बाटली होती, तिच्यावर डोसाच्या खुणांचा कागद कापून चिकटवलेला. मी विचारलं काय होतंय. मामा म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, मग हे औषध कशाचं. ते म्हणाले, डॉक्टरांनी दिलंय. कशासाठी, तर म्हणाले, मला काय माहीत, डॉक्टर कोण आहे, मी की ते?

मी त्यांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. पुस्तकात होतं तितकं सगळं केलं. मला काहीच सापडलं नाही, आणि माझा अभ्यास कमी पडला असं समजून मी आणखी घाबरलो. शेवटी निघायला उठलो. चपला घातल्या. तेव्हा मामा माझ्यामागं दारापर्यंत आले आणि उंबऱ्यावर चौकटीला हात लावून उभे राहिले.

“हं, एक राहिलंच,” ते म्हणाले. “मी हिमायतनगरला जाऊन आलो.”

मग उंबऱ्यावरच सगळं ऐकावं लागलं. मामा काळा कोट आणि टोपी घालून, सीताफळांची करंडी घेऊन संध्याकाळी बंगल्यावर गेले होते. साहेब स्वतः बाहेर आले, खुर्ची दिली, चहा मागवला. खानदानी माणूस. मामांनी हवापाण्याचं काढलं. साहेब थोडा वेळ बोलले आणि मग विचारलं की काय तकलीफ आहे. मामांनी रीतीप्रमाणं सांगितलं की काही तकलीफ नाही, आपली मेहरबानी आहे. साहेबांनी करंडीकडं पाहिलं आणि विचारलं, सीताफळं फार खाता का? मामा म्हणाले, घरचीच आहेत, खातो. साहेबांनी मान हलवली आणि आतून एक बाटली आणून दिली.

“तुम्ही घेतली कशाला?” मी विचारलं.

“मोठ्या माणसानं हातात दिलेली वस्तू नको म्हणायची? बरं दिसतं का ते?”

बाटली घेतली म्हणून ती संपवणं आलं, आणि संपली की दाखवायला जाणं आलं. दुसऱ्या खेपेला साहेबांनी जीभ पाहिली, तेल-तिखट बंद केलं, ताकभात सांगितला. मामांनी शब्द दिला आणि पाळला. ताकभातानं मामा वाळले. तिसऱ्या खेपेला साहेबांनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि वजन उतरलंय हे पाहून त्यांचा चेहरा गंभीर झाला. मग टेबलावर झोपवून पोट दाबलं. कुठं दुखतं असं विचारलं. मामांना वाटलं, साहेब एवढी मेहनत घेतायत तर अगदीच काही नाही म्हणणं वाईट दिसेल, म्हणून ते म्हणाले, इथं जरासं.

“मामा, दुखत होतं का?”

“दाबल्यावर दुखणार नाही का?”

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, तुमच्या रीतीप्रमाणं निघताना तरी बोलायचं होतं. यावर मामा पहिल्यांदा खरोखर दुखावलेले दिसले. ते म्हणाले, बोलणार कुठं, त्या बंगल्याला उंबराच नाही. नुसता व्हरांडा, मग पायऱ्या, मग बाग. त्यातून साहेब जुन्या तहज़ीबचे, पाहुण्याला सोडायला पार फाटकापर्यंत येणार आणि सारखं बोलत येणार, पथ्याचं, पाण्याचं, झोपेचं. फाटकाशी मामा थांबत, तोंड उघडत, आणि साहेब म्हणत, जी, फ़र्माइए. इतक्या अदबीनं विचारल्यावर काम सांगायचं म्हणजे अगदीच उघडं पडायचं. मामा म्हणत, कुछ नहीं, साब, दुआ है.

मी त्यांना हात जोडून सांगितलं की आता जाऊ नका. मामा म्हणाले, तसं कसं, गुरुवारी एक्स-रे काढायला बोलावलंय, शब्द दिलाय.

मी परत हॉस्टेलवर चालत आलो. वाटेत ठरवलं की साहेबांना जाऊन सगळं खरं सांगावं. कोठीच्या चौकापर्यंत आल्यावर लक्षात आलं की खरं सांगायचं म्हणजे, माझे मामा माझ्या सिफारशीसाठी आले होते, हेच सांगायचं. नाव काटलं जाईल. मग ठरवलं की सांगू नये, एक्स-रेत काही दिसणारच नाही, साहेब आपोआप सोडून देतील. ज्यानं कधी डॉक्टरांना जवळून पाहिलंय त्याला कळेल की हा विचार किती कच्चा होता. एक्स-रेत काही दिसलं नाही म्हणून साहेबांची काळजी दुप्पट झाली.

मुलाखतीच्या दिवशी आम्ही दहा-बाराजण दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात उभे होतो. वरंगळचा माझ्या आधी आत गेला. बाहेर आला तो घाम पुसत. मी विचारलं काय विचारतात.

“अरे, एक केस पूछ रहे, सबकू वही एक,” तो म्हणाला. “उनका ख़ुद का मरीज़ है. पचास के ऊपर, कपड़े की दुकान में बैठता. तकलीफ़ बताताच नै, वज़न गिर रहा, एक्स-रे साफ़. मैं अल्सर बोला. मेरे पहलेवाला कैंसर बोला. साब बोले, हौ, अब तो पेट खोल के देखनाच पड़ता.”

तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं गेलं.

आत तिघं बसले होते. मध्ये सुपरिंटेंडेंटसाहेब, उंच, पांढऱ्या भुवया, हातात पेन्सिल. उजवीकडच्या डॉक्टरांनी माझा अर्ज पाहिला आणि इंग्रजीत म्हणाले की हा मुलगा तर आता बाहेरचा होणार. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले की होईल तेव्हा होईल, आत्ता तर आपल्यासमोर बसलाय. मला जरा धीर आला. एकदोन प्रश्न विचारले, ते मला आले. आणि मग साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि केस सांगायला सुरुवात केली.

ते फार मनापासून सांगत होते. माणूस सभ्य आहे, म्हणाले. येतो, बसतो, हवापाण्याचं बोलतो. त्रास विचारला की हसून सगळं ठीक आहे म्हणतो. पण निघताना फाटकाशी थांबतो. ओठ हलतात. काहीतरी सांगायचं असतं आणि सांगवत नाही. इतकी वर्षं मी हेच पाहत आलोय, साहेब म्हणाले, खुर्चीत बसून माणूस जे सांगतो तो त्याचा खोकला असतो, आणि जाताना दारापाशी जिथं अडखळतो ते त्याचं खरं दुखणं. या माणसाचं दुखणं मोठं आहे. येत्या आठवड्यात मी त्याला भरती करून घेणार आहे. तुमचं निदान काय?

मला अल्सर म्हणता आलं असतं. वरंगळचा म्हणाला होता आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. माझं वर्षही मिळालं असतं, आणि मामांचं पोट फाडलं गेलं असतं, कारण मामांनी ऑपरेशनलासुद्धा नाही म्हटलं नसतं. मोठ्या माणसानं पोट फाडायचं म्हटलं तर नको म्हणणं बरं दिसत नाही. एक भित्रा विचार असाही आला की जंत म्हणावं, जंतांसाठी पोट फाडत नाहीत. पण साहेब माझ्याकडं इतक्या काळजीनं बघत होते की ती काळजी मामांसाठी आहे हे मला दिसत होतं. माझं इंग्रजी सगळं गळून पडलं.

“साब,” मी म्हटलं, “उनकू कुछ बी बीमारी नै है. उनकू एक भानजा है.”

डावीकडचे डॉक्टर मान वळवून खिडकीतून बाहेर बघायला लागले.

“भानजा कौन?” साहेबांनी विचारलं.

“मैं, साब.”

“तुमने भेजा था?”

“नै, साब. मैं मना किया था. वो ख़ाली बैठने कू आए थे.”

साहेबांनी पेन्सिल उचलली. डावीकडच्या डॉक्टरांनी रुमाल तोंडाला लावला आणि त्यांना बराच वेळ खोकला आला. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्या अर्जावर काहीतरी लिहिलं, मला ते काटल्यासारखं वाटलं, आणि म्हणाले की तुम्ही जाऊ शकता.

मी उठलो. दारापर्यंत गेलो. मी चौकटीला हात लावला आणि वळलो.

“साब, एक रह गया. उनका ऑपरेशन नक्को करो.”

“जाओ,” साहेब म्हणाले.

त्यानंतर मी वाट पाहिली असं म्हणणंही खरं नाही. वाट पाहण्यासारखं काही शिल्लक आहे असं मला वाटत नव्हतं. वरंगळच्याला दोन दिवसांत बोलावणं आलं. तो आनंदानं खाटेवर उड्या मारत होता, मग माझ्याकडं लक्ष गेलं तसा खाली उतरला आणि आंध्राच्या वतीनं मला दोन बिस्किटं दिली. गुलबर्ग्याच्याचं म्हैसूरच्या बाजूला जमलं होतं, तिकडं शिक्षण कुठं झालं हे आडवं आलं नव्हतं. तो ट्रंक बांधत होता. मीही बांधायला घेतली. गावी जाऊन काय सांगायचं याची मनात तयारी करत होतो. आमच्या वडिलांनी गावात सांगून ठेवलं होतं की पोरगा डॉक्टर झाला, आणि दोन म्हातारे तर माझ्यासाठी आपली दुखणी राखून बसले होते.

मामांकडं मी गेलोच नाही. मुलाखतीत काय झालं ते त्यांना सांगण्याची हिंमत होत नव्हती.

आणि एका दुपारी मामाच हॉस्टेलवर आले. काळा कोट, टोपी, आणि हातात सीताफळांची करंडी. मला वाटलं, आता ही कुणाकडं चाललीय. मामा आत आले, जमिनीवरच्या खडूच्या रेघा पाहून जरा बिचकले आणि विचारलं की पाय कुठं ठेवू. मी त्यांना माझ्या खाटेवर बसवलं. गुलबर्ग्याच्यानं आभार न मागता दूध दिलं, वरंगळच्यानं स्टोव्ह पेटवला.

मामा बशीतून सावकाश चहा प्याले. थंडी यंदा लवकर पडली म्हणाले. दुकानात लग्नसराईचा माल आलाय, पण यंदा हिरव्या रंगाला उठाव नाही म्हणाले. वरंगळच्याला त्याचं गाव विचारलं, गुलबर्ग्याच्याला भावंडं किती ते विचारलं. मामींची तब्येत ठीक. माझ्या आईचा निरोप आलाय, बरी आहे. मी मध्येच विचारलं, मामा, तुम्ही हिमायतनगरला गेला होता का? मामांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू शिकून पोरगा वाया गेला, आणि चहा आणखी मागितला. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं की त्यांच्या तोंडाला ठेच्याचा वास येत होता.

शेवटी मामा उठले. टोपी सारखी केली. जोडा घातला, एक पाय, मग दुसरा. हॉस्टेलच्या खोलीला उंबरा होता, झिजलेला, पण होता. मामा त्यावर उभे राहिले आणि त्यांनी चौकटीला हात लावला.

“हं, एक राहिलंच,” ते म्हणाले. “काल दाखवायला गेलो होतो. साहेब फाटकापर्यंत आलेच नाहीत. व्हरांड्यातच थांबले आणि म्हणाले, मियाँ, आज काय असेल ते बोलूनच टाका.”

“मग? तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? म्हटलं, काही नाही, सहज आलो होतो.”

मी डोळे मिटून घेतले.

“मग तेच हसायला लागले. का ते मला कळलं नाही. खुर्ची ओढून खाली बसले आणि हसले. मग म्हणाले, औषध बंद, पथ्य बंद, ठेचा खा. पुढं काही दुखलंखुपलं तर माझ्याकडं येऊ नका, भाच्याला दाखवा. तो सोमवारपासून आमच्याच दवाखान्यात आहे.”